गच्चीवरचा मांडव : सुरगाठ कुठे, निरगाठ कुठे

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला उडदाच्या पापडांवर लिहिताना "लाटलेले पापड आधी सावलीत सुकवावेत, मग थोडं ऊन दाखवावं" असं एका ओळीत लिहून मी मोकळी झाले होते. त्यावर एका भगिनीने नेमकं बोट ठेवलं आहे. "ताई, तुम्ही सावलीत म्हणता, पण वैशाखात गच्चीवर सावली आणायची कुठून? चार काठ्या बांधून वर चादर टाकली, तर वाऱ्याने सगळं खाली आलं. काही साधा उपाय सांगाल का?"

तिला काय उत्तर द्यावं म्हणून विचार करीत बसले आणि लक्षात आलं, की या विषयावर लिहायचं मी वर्षभर टाळत आले आहे. कारण आमच्याकडेही सगळं खाली आलं होतं, आणि ते माझ्याच गाठीमुळे. सांगायला लाज वाटते, पण सांगते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा!

भिवंडीत राहणाऱ्यांना गच्चीचं मोल वेगळं सांगायला नको. खाली गल्लीत यंत्रमागांची अखंड खटखट, हवेत सुताचा बारीक कण, दारापर्यंत येणारे टेंपो. वाळवण घालायला, चार बायकांनी मांडीला मांडी लावून बसायला मोकळी जागा काय ती गच्ची. आमची इमारत जुनी, दोन मजली. गच्ची आमच्याच वापरात आहे, हे आमचं भाग्य.

गेल्या वर्षी वैशाखात धाकट्या वन्संचं लग्न होतं. लग्न हॉलवर, पण हळद घरी, गच्चीवर करायची असं ठरलं. मंडपवाल्याने आयत्या वेळी हात वर केले. सगळे एकमेकांची तोंडं बघत असताना मी पदर खोचला. "त्यात काय? मी बांधते. शाळेत असताना गाइडमध्ये होते मी!" यांनी आणि दिरांनी वखारीतून आठ बांबू आणून दिले. वाळू भरलेल्या डब्यांत चार उभे केले, चार आडवे बांधले, वर जुनं जाजम टाकलं. दुसऱ्या दिवशी सोडायला बरं पडावं म्हणून मी सगळीकडे सुरगाठी मारल्या. सुतळीच्या सुबक सुरगाठी! सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ते मी मिरवूनही घेतलं.

दुपारी साडेतीनला वळवाच्या पावसाआधी उठतो तसा वारा उठला. जाजम फुगलं, खाली बसलं, पुन्हा फुगलं. दोन-तीन हिसके बसले असतील नसतील, एका कोपऱ्यातली गाठ सुटली आणि आडवा बांबू सरळ खाली आला. त्याच्याखाली आमच्या सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर जाऊबाईंचं पाच महिन्यांचं बाळ. त्या बाळावर ओणव्या झाल्या आणि बांबू त्यांनी खांद्यावर घेतला.

देवाच्या कृपेने हाड मोडलं नाही. पण सहा आठवडे त्यांचा उजवा हात डोक्यावर जात नव्हता. वेणी मी घालून द्यायची. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. "बाळाला लागलं नाही ना गं?" एवढंच काय ते विचारलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटलं. त्यानंतर त्या गच्चीची पायरी चढल्या नाहीत. त्या वर्षी आमच्या घरात पापड झाले नाहीत. चाळीस वर्षं घरचा पापड करणाऱ्या बाईच्या पानात विकतचा पापड वाढताना माझा हात अडखळायचा.

तर मैत्रिणींनो, या वर्षी हा मांडव नीट उभा करायचाच, असं मी मनाशी घेतलं. मी बी.ए. मराठीची, अर्धा वेळ शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते, आणि कुणी रजेवर असलं की गणिताचा तासही घेते. इंजिनिअरिंगशी माझा संबंध नाही. पण पाहिलं, विचारलं, दोनदा चुकले आणि जमलं. जे कळलं ते आता क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, मांडव पडतो तो बहुधा काठी मोडून नव्हे. सांधा सुटतो म्हणून पडतो. आमचा एकही बांबू मोडला नव्हता. आपण मात्र दुकानात जाऊन जाड काठी मागतो आणि सांध्याला घरातली उरलेली सुतळी वापरतो.

आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. 'मुहूर्तमेढ' हा शब्द आपण लग्नाच्या गडबडीत शंभर वेळा उच्चारतो. पण मेढ म्हणजे काय? मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब. त्या बेचक्यात आडवं लाकूड नुसतं ठेवलं तरी ते खाली घसरत नाही. त्याचं वजन गाठीवर येतच नाही. ते लाकडावर येतं, आणि दोराचं काम फक्त ते इकडेतिकडे हलू न देण्याचं. माझ्या माहेरी, शहापूरकडे, घोसाळ्या-दुधीचा मांडव असाच असायचा. गाइडच्या तंबूतही तेच तत्त्व होतं. उभ्या काठीच्या डोक्यावर लोखंडी खिळा आणि आडव्या काठीला भोक. खिळा भोकात बसला की झालं. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था १९५० साली स्थापन झाली आणि १९५१ साली गाइड्स तिच्यात सामील झाल्या. तेव्हापासून किती मुलींनी ते तंबू उभे केले असतील! मीही केले, पण खिळ्याकडे कधी लक्ष देऊन पाहिलं नाही. आडव्या काठीला बसायला जागा द्यायची, हे मर्म तिथेच होतं.

आता ज्यांना वर्षातून एकदाच मांडव हवा आहे, त्यांनी बांबूचाच करावा. पण गाठ कशी, ते सांगते.

सुतळी नको, ती बारीक पडते. नायलॉनची गुळगुळीत दोरी नको, ती घसरते. काथ्याचा किंवा सुती जाड दोर घ्या; दोन इंची बांबूंच्या एका सांध्याला साधारण दहा फूट लागतो. उभ्या बांबूवर एखादं पेर जिथे असेल, त्याच्या लगेच वर सांधा घ्या, म्हणजे दोर खाली घसरायला पेर आडवं येतं. आधी उभ्या बांबूला एक वेढा द्या, दोर स्वतःवरूनच तिरका नेऊन दुसरा वेढा द्या आणि टोक त्या दुसऱ्या वेढ्याखालून काढून ओढा. आता आडवा बांबू त्यावर ठेवा. दोर आडव्याच्या पुढून, उभ्याच्या मागून, पुन्हा आडव्याच्या पुढून असा चौकोनात तीन वेळा फिरवा. प्रत्येक फेरा ओढून घ्या.

इथपर्यंत मीही केलं होतं. जे केलं नव्हतं, ते पुढे. हे तीन फेरे झाले, की दोर दोन बांबूंच्या मधल्या फटीत घालून त्या फेऱ्यांनाच कंबरपट्ट्यासारखे दोन-तीन वेढे द्या आणि जोर लावून आवळा. परकराची नाडी ओढली की चुण्या जशा जवळ येतात, तसे आधीचे फेरे यामुळे घट्ट होतात. हा कंबरपट्टा नसेल, तर वरचे फेरे कितीही द्या, वाऱ्याच्या हिसक्याने ते सैल पडणारच. शेवटी आडव्या बांबूला निरगाठ. उद्या सोडायला त्रास होईल? होऊ दे. विळीने कापावी लागली तरी चालेल. सांध्याला सुरगाठ कधीही नाही!

एक सूचना. काथ्याचा, सुताचा दोर पावसात भिजला की आवळतो आणि उन्हात वाळला की पुन्हा सैल होतो. म्हणूनच गाइडच्या शिबिरात पाऊस आला की तंबूचे तणावे थोडे ढिले करायला सांगत. मांडव दोन-चार दिवस ठेवायचा असेल, तर रोज सकाळी सांध्यांवरून एकदा हात फिरवा.

आमच्याकडे मात्र मांडव वर्षातून पाच-सहा वेळा लागतो. पापड-कुरडया, मुलांचे वाढदिवस, कोजागिरी, भिशी. म्हणून मी लोखंडी पाईपचा सुटा मांडव करायचं ठरवलं. पाईप कोपऱ्यात खोचायचे, काम झालं की काढून जिन्याखाली ठेवायचे. सगळी करामत त्या कोपऱ्याच्या जोडणीची.

इथे मला पाईपच्या दुकानात एक नवंच ज्ञान मिळालं. एक इंची पाईप म्हणजे बाहेरून एक इंच नव्हे! ते नाव आतल्या पोकळीवरून पडलेलं. एक इंची पाईप बाहेरून मोजला तर ३४ मिलिमीटरच्या जवळ भरतो, म्हणजे जवळजवळ एक पूर्णांक एक तृतीयांश इंच. आणि सव्वा इंची पाईपची आतली पोकळी असते ३६ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एक इंची पाईप सव्वा इंचीमध्ये बरोबर सरकतो. दोन मिलिमीटरची ढील राहते, ती हवीच. नाहीतर गंज आला की निघायचा नाही. मला हे माहीत नसतं, तर मी बाहेरून माप घेऊन भलतंच आणलं असतं.

मग प्रश्न आला, कोपऱ्यातली नळी किती लांब घ्यायची? मी काटकसर म्हणून दोन इंची म्हणत होते. पण पेनाचं टोपण आठवा. खोल टोपण पेनावर घट्ट बसतं, उथळ टोपण डुगडुगतं. हिशेब केला. दोन मिलिमीटरची ढील दोन इंची नळीत असेल, तर सात फुटी खांबाचं टोक सव्वातीन इंच डोलेल. नळी सहा इंची घेतली, तर फक्त एक इंचाच्या आसपास. त्रैराशिकाचा साधा हिशेब आहे हा, सातवीच्या मुलीही करतील. तेव्हा नळ्या सहा इंचांच्याच घ्या. तिथे काटकसर नको.

आता साहित्य सांगते, दहा फूट बाय आठ फूट मांडवासाठी.

एक इंची जी.आय. पाईप : चार नग. दुकानात 'वीस फुटी' म्हणतात, पण तो असतो सहा मीटरचा, म्हणजे वीस फुटांना जवळजवळ चार इंच कमी. एकाचे मधोमध दोन तुकडे (लांबीच्या बाजूला), एकातून आठ-आठ फुटांचे दोन (रुंदीच्या बाजूला), एकातून आठ-आठ फुटांचे दोन खांब आणि एकातून सात-सात फुटांचे दोन खांब.

सव्वा इंची काळा पाईप : आठ फूट. त्याच्या सहा इंची सोळा नळ्या होतात. चार कोपऱ्यांना प्रत्येकी तीन म्हणजे बारा, आणि चार पायांना चार.

दहा मिलिमीटरचे सोळा बोल्ट आणि सोळा नट. पायांसाठी नऊ इंची चौकोनी जाड पत्र्याचे चार तुकडे. लाल ऑक्साइड रंग.

नळ्यांसाठी काळा पाईप मुद्दाम लिहिला आहे. जी.आय. पाईपवर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंग करताना त्याचा धूर निघतो, तो छातीत गेला की कारागिराला थंडी-ताप भरतो. आपल्या मांडवापायी कुणाच्या जिवाला ताप नको.

वेल्डरला तोंडी सांगून काम नीट होत नाही, हा माझा अनुभव. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण मापाचा ब्लाऊज देतो ना, तसा मी मापाचा कोपरा करून न्यायचं ठरवलं. शेजारच्या कारखान्यातून सूत गुंडाळून येणारे पुठ्ठ्याचे कोन आणले. आमच्या गावात त्यांना काय तोटा! ते कापून सुतळीने आणि खळीने जोडले. एक नळी खाली तोंड केलेली खांबासाठी, दोन आडव्या, एकमेकींशी काटकोनात. त्यात वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या खोचून छोटा मांडवच उभा केला. मुलांनी त्याखाली बाहुलीचं लग्न लावलं.

तो नमुना घेऊन कल्याण नाक्याकडच्या एका वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेले. वयस्क माणूस. त्यांनी नमुना हातात फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बाई, काम चांगलं आहे. पण पाणी कुठून जाणार?"

मी गप्प! खरंच की. सगळं काटकोनात केलं, तर छत सपाट होणार. वळवाची एक सर आली, की मधे पाणी साचणार. घरी येऊन हिशेब केला तेव्हा डोळे पांढरे झाले. दहा बाय आठच्या छतावर नुसतं एक इंच पाणी साचलं, तरी ते १९० किलोच्या जवळपास भरतं. म्हणजे पोत्यांच्या हिशेबात जवळजवळ चार पोती तांदूळ डोक्यावर.

उपाय चाचांनीच सांगितला. मागचे खांब आठ फुटी, पुढचे सात फुटी. आठ फुटांत एक फूट उतार. पण मग उताराच्या बाजूच्या नळ्या काटकोनात चालणार नाहीत, थोड्या कलत्या हव्यात. किती? आठ फुटांना एक फूट, तर सहा इंचांना पाऊण इंच. म्हणजे सहा इंची नळीचं टोक पाऊण इंच खाली किंवा वर. मागच्या कोपऱ्यात ती नळी खाली झुकते, पुढच्या कोपऱ्यात वर. शिवाय डावा आणि उजवा कोपरा वेगळा, जशी ब्लाऊजची डावी बाही उजवीकडे लागत नाही. थोडक्यात, चार कोपरे आणि चारही निराळे. मी प्रत्येक कोपऱ्याला आणि त्याच्या खांबाला एकच रंग लावून घेतला : लाल, पिवळा, निळा, हिरवा. आता आमचा नऊ वर्षांचा चिरंजीवही न चुकता लावतो.

प्रत्येक नळीला एक भोक पाडून त्यावर नट वेल्ड करायचा आणि त्यातून बोल्ट फिरवायचा. तो आत जाऊन पाईपला दाबतो, पाईप जागच्या जागी घट्ट. बोल्टच्या डोक्यावर बोटभर आडवी सळी जोडून घ्या, म्हणजे पाना शोधत बसावं लागत नाही, हाताने आवळता येतं. पाईपची कापलेली टोकं कानशीने घासून घ्यायला विसरू नका. ती धार हात कापते.

पायांचं काय? गच्चीवर मेख ठोकता येत नाही. ठोकली, तर पावसाळ्यात खालची खोली गळायला लागते. म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर उभी नळी आणि नळीला एक कडी जोडून घेतली. मांडव उभा केला, की प्रत्येक कडीला वीस लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन बांधायचा. वीस लिटर म्हणजे वीस किलो. काम झालं की पाणी कुंड्यांना. वाळूचे डबे जिन्यावरून चढवण्यापेक्षा हे शतपट सोपं.

शिवाय तणावे हवेत. घरी एक गंमत करून पाहा. चार खराट्याच्या काड्या टोकांना दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि एका बाजूने ढकला; लगेच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा; तो ढकलून पाहा, हलत नाही. मांडवाच्या प्रत्येक बाजूचा चौकोन असाच कलंडायला बघतो. एका खांबाच्या डोक्यापासून शेजारच्या खांबाच्या पायापर्यंत तिरका दोर ताणून बांधला, तसाच दुसरा उलट्या बाजूने फुलीसारखा, की चौकोनाचे त्रिकोण होतात. मागे आणि दोन्ही बाजूंना अशा फुल्या द्या. पुढची बाजू येण्याजाण्याला मोकळी.

आता राहिली चादर, आणि इथेच माझ्या सुरगाठीचा मान. चादर, जाजम, ताडपत्री जे काही टाकाल, ते सांगाड्याला सुरगाठीनेच बांधा. नाडीचं टोक ओढलं की सुटेल अशी. का, ते सांगते. ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोचा जोर येतो. आपल्या छताचा हिशेब केला, तर ५५ किलो होतात. वारा दुप्पट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ८० किलोमीटरला २२० किलो! तेवढ्या वाऱ्यापुढे तुमचा-माझा मांडव टिकवायचा हट्ट नको. वारा अंगावर येतोय असं दिसलं, की बायका-मुलं बाहेर, सुरगाठी ओढायच्या, चादर खाली. मग नुसत्या पाईपांना वारा धरायला काही उरत नाही. ज्येष्ठात आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या दिंड्यांच्या राहुट्या आठवा. मुक्कामाला उभ्या राहतात, पहाटे उतरतात. उतरवणंही उभं करण्याइतकंच सोपं असायला हवं.

थोडक्यात, सांध्याला निरगाठ, चादरीला सुरगाठ. मी गेल्या वर्षी नेमकं सांध्यालाच सुरगाठ मारून बसले होते.

आणि एक गोष्ट अगदी बजावून सांगते. लोखंडी पाईप गच्चीवर नेण्याआधी चारी बाजूंना नजर टाका. आमच्यासारख्या दाट वस्तीच्या गावांत विजेच्या तारा गच्चीच्या कठड्याला लागून जातात. दहा फुटी पाईप हातात उभा धरला, की तो आपल्या डोक्याच्या कितीतरी वर जातो, आणि तिकडे आपलं लक्ष नसतं. तारा जवळ असतील, तर त्या गच्चीवर मांडव नको. बांबूचाही नको, ओल्या बांबूतूनही वीज उतरते. पाईप नेहमी दोघींनी आडवा धरून न्यावा. उभा करताना तिसरीने फक्त वर बघत राहावं.

खर्चाचं विचाराल, तर मंडपवाल्याच्या दोन-तीन वेळच्या भाड्यात चारही कोपरे आणि पाय झाले. पाईपचे पैसे वेगळे. ते मी शाळेच्या पगारातून साठवलेल्यातून दिले. यांना आधी ते उधळपट्टी वाटली. आता कोजागिरीला मित्रमंडळींना तेच दाखवतात, "हा आमच्या घरचा शोध!"

यंदा चैत्र सरता सरता मांडव पहिल्यांदा उभा राहिला. मी सासूबाईंना बोलावलं नाही. बोलावण्याचा धीरच झाला नाही. जाऊबाई आणि मी दोघीच पोळपाट घेऊन वर गेलो. पहिला घाणा लाटून झाला असेल, तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज. सासूबाई एकेक पायरी चढून वर आल्या. काही न बोलता एका खांबापाशी गेल्या, दोन्ही हातांनी तो धरला आणि चांगला गदागदा हलवून पाहिला. मग दुसरा. मग तिसरा. चारही खांब पाहून झाल्यावर म्हणाल्या, "सूनबाई, पीठ सैल झालंय तुझं. आण इकडे."

आणि मांडवाखाली बसल्या.

दुपारी वारा आला. मी उठायच्या आत त्यांनीच हात वर करून आपल्या बाजूची सुरगाठ ओढली. उजवा हात! तो आता डोक्याच्या वर जातो, हे मला तेव्हा दिसलं. चादर खाली आली. सांगाडा उभाच्या उभा, जागचा हलला नाही. आम्ही परातींवर पंचे झाकून पंधरा मिनिटं जिन्यात बसलो, वारा पडल्यावर पुन्हा लाटायला घेतलं. त्या दिवशी चार किलोचे पापड झाले.

तर पत्र पाठवणाऱ्या भगिनीने आणि तुम्ही सगळ्यांनी जमेल तसा मांडव करून पाहावा, बांबूचा किंवा पाईपचा. कुणाला याहून सोपी जोडणी सुचली असेल, तर मला जरूर कळवा. इथे सर्वांना सांगेन. पुढच्या खेपेला पापडाच्या पिठात खार किती घालावा, याविषयी. ते माझं नाही, सासूबाईंचं मत असेल.